कुठल्या जाधव?

गावाचा नकाशा वायव्य कोपऱ्यापासून काढायचा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. देऊळ, शाळा, चावडी, विहीर या खुणा आधी टाकायच्या आणि मग नागमोडी चालत घरांना नंबर देत जायचं, म्हणजे एकही घर सुटत नाही. १९९७ च्या उन्हाळ्यात एका आरोग्य पाहणीच्या कामावर मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली गावं अशी कागदावर उतरवत होते. वय तेवीस. वाढलेली सांगली शहरात, त्यामुळे खेडं म्हणजे सुट्टीतलं आजोळ एवढीच ओळख. आम्ही चौघी मुली, एक सुपरवायझर सर, एक जीप आणि प्रश्नावल्यांचे गठ्ठे.

खटाव तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा सरांना दाखवला, तेव्हा त्यांनी मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. एक ते एकशे बेचाळीस घरं एका बाजूला, मग दोन बोटं रिकामी जागा, मग पूर्वेला एकशे त्रेचाळीसपासून पुढं.

"मधली घरं राहिली का गं?"

"मधे घरं नाहीतच सर. ओढा आहे. उकिरडे आणि बाभळी."

सरांनी पुन्हा नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "मग पलीकडं समाजमंदिर असेल. ते दाखव," म्हणाले. ते त्या गावात एकदाही आले नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९६४ चा कायदा येईपर्यंत पाण्याच्या नळांवर गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि काळ्यांसाठी वेगळ्या पाट्या असायच्या. आमच्याकडं पाटी कुठंच नव्हती, आणि नवख्या माणसालाही ती लागत नव्हती.

त्या गावात आम्ही सहा दिवस राहिलो. लॉज वगैरे तिथं कुठला? एका निवृत्त मास्तरांच्या घरी सोय झाली. त्यांना सगळे काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकी. पहिल्या संध्याकाळी पाय धुवायला पाणी देतानाच काकींनी विचारलं, "जाधव म्हंजी कुठलं जाधव?"

ज्यांना हा प्रश्न कधी आला नाही, त्यांना त्याचं वजन कळणार नाही. आमच्या भागात जाधव, पवार, गायकवाड, भोसले ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून काही ठरत नाही, म्हणून मग गाव विचारायचं, आजोळ विचारायचं, बहीण कुठं दिली ते विचारायचं. मी आजोळचं गाव सांगितलं. काकींच्या कपाळावरची आठी गेली. पंधरा मिनिटांत त्यांनी कुणाच्या तरी नणंदेच्या सासरकडून आमचं नातंही लावलं. "मग तू पावनीच की आमची!"

आणि खरोखर पाहुणीसारखंच ठेवलं. पहाटे उठून बंब पेटवायच्या, कारण शहरातल्या पोरींना गार पाणी सोसायचं नाही. बाजरीच्या भाकरीला तव्यावरच तुपाचा हात फिरवून द्यायच्या, सोबत उडदाचं घुटं आणि कच्चा कांदा. तिसऱ्या दिवशी मला ऊन लागलं. अंग तापलं, उलट्या सुरू झाल्या. काकी रात्रभर उशाशी बसल्या. तळपायाला कांद्याचा रस चोळला, कैरी भाजून पन्हं केलं आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात त्यांनी माझ्या कपाळावरच्या पट्ट्या भिजवायला तांब्यामागून तांब्या पाणी घेतलं. या मायेत काही खोट होती, असं मी आजही म्हणणार नाही. म्हटलं तर ते खोटं होईल.

ओसरीवर कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो होता, दाढीवाला, खांद्यावर घोंगडी. काका रयतच्या बोर्डिंगात शिकलेले. कर्मवीरांचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं, १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव दिलं, हे सगळं ते घरातलं सांगावं तसं सांगायचे. पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते सांगताना थांबायचे. "आम्ही सगळे एका पंगतीत जेवलो. मराठे, महार, मांग, रामोशी, मुसलमान. भांडी पाळीपाळीनं घासायचो. कुणाच्या मनात येत नव्हतं."

चौथ्या दिवशी सकाळी, बरं वाटू लागल्यावर, काकींच्या हाताखाली काही करावं म्हणून मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. ओसरीवर काका, शेजारचे दोघं, आणि गोठ्याच्या पायरीवर त्यांचा सालगडी. मी सगळ्यांना कप दिले आणि एक गड्यापुढं धरला. त्यानं हात पुढं केला नाही. आतून काकी म्हणाल्या, रागानं नाही, मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तशा आवाजात, "अगं, त्याचा कप तिकडं कोनाड्यात हाय."

तोवर तो उठलाही होता. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून त्यानं आपला कप काढला. दांडी तुटलेली, काठावरचं निळं फूल अर्धं पुसलेलं. रांजणाला हात न लावता, गुरांच्या बादलीतल्या पाण्यानं तो धुतला आणि माझ्यापुढं धरला. माझ्या हातातल्या कपातला चहा मी वरून त्यात ओतला. थेंबभरही सांडू नये म्हणून हात चांगला उंच आणि स्थिर धरून ओतला.

ते ओतणं मला अजून आठवतं. मला कुणी हात धरून शिकवलं नव्हतं, तरी कसं ओतायचं ते मला येत होतं.

त्या रात्री मी काकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "बोर्डिंगातलं बोर्डिंगात," शेवटी म्हणाले. "गावात आलं की गावाचं चालतं पोरी. मी एकट्यानं काय करू?" फोटो त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांच्या चेहऱ्यावर शरम होती, हेही मी पाहिलं. पण कप दुसऱ्या दिवशी कोनाड्यातच होता.

पाचव्या दिवशी ओढा ओलांडून मी घर नंबर एकशे त्रेचाळीसला गेले.

वस्तीत एक हातपंप होता आणि तो उन्हाळ्यात हवा ओढायचा. टँकर आला की आधी गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, मग तिथून वस्तीपर्यंत पाणी कधी आणि किती यायचं ते गावाच्या मर्जीवर. 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम बाबा आढावांनी १९७२ च्या सुमारास सुरू केली, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. कायद्यानं तर अस्पृश्यता १९५० सालीच संपली होती. इथं बायका हंडे रांगेत ठेवून बाभळीखाली बसल्या होत्या.

दारात एक म्हातारी तांदळातले खडे वेचत होती. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन, आढ्याला बांधलेला पाळणा. प्रश्नावली तिच्या सुनेसाठी होती. घरात माणसं किती, मुलं किती, लसी दिल्या का, पाणी कुठून आणता. त्या शेवटच्या प्रश्नाला चार पर्याय छापलेले होते आणि 'गाव देईल तेव्हा' हा त्यात नव्हता. सून सांगत होती, मी खुणा करत होते. ऊन डोक्यावर आलं. घसा कोरडा पडला.

"आजी, पाणी द्या की जरा."

म्हातारीचा हात सुपात थांबला. सुनेनं तिच्याकडं पाहिलं. मग सून आत गेली. तांब्या घासल्याचा आवाज आला. पुन्हा आला. हंडे रांगेत पडून असलेल्या घरात तिनं तो तांब्या तीनदा विसळला. बाहेर येऊन पदरानं पुसला आणि भरून माझ्या हातात न देता माझ्याशेजारी जमिनीवर ठेवला. दारात शेजारच्या तीन-चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. मी तांब्या उचलला आणि तहान लागलेलं माणूस पितं तशी घटाघटा प्याले.

म्हातारीनं श्वास सोडला. तोवर मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत होती, ती एकदम सरकून जवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाधव म्हनालीस न्हवं? आपल्यातलीच हायस तर! आधी बोलायचं न्हाई व्हय लेकी? मगाधरनं मी जीव मुठीत धरून बसलीया." सुनेला ओरडून सांगितलं, "चा ठेव गं, पोरगी आपल्यातली हाय." एक पोरगा दुधाला पळाला. दारातल्या बायका आत येऊन ऐसपैस बसल्या. कुणाच्या घरी काय चाललंय, गावात काल टँकरवर काय झालं, कोण काय बोललं, सगळं माझ्यापुढं मोकळं झालं. म्हातारी माझा हात सोडेना. उन्हानं काळवंडलेल्या माझ्या गालावरून तिनं बोटं फिरवली आणि कानशिलावर कडाकडा मोडली.

मी पाणी प्याले होते, म्हणून मी तिची होते. ओढ्याच्या अलीकडं मी जेवले होते, म्हणून तिथं मी काकींची होते. माझी जात मी कुठं तोंड लावलं त्यावरून दोन्हीकडं ठरली होती, आणि दोन्हीकडं माणसं माझ्यावर जीव टाकत होती.

चहा आला. कपबशी घरातली एकुलती चांगली असावी, सोनेरी काठाची. मला वाटलं, हे असं फसवून घ्यायचं नाही. मी सांगितलं. "आजी, मी मराठ्याची आहे. पण त्यानं काय होतं?"

काय होतं ते लगेच दिसलं. तिनं हात काढून घेतला. चिडून नाही. चुलीतल्या निखाऱ्याला नकळत लागलेला हात माणूस काढतं तसा. थोडी मागं सरकली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मग बाई, तुमी... चालंल न्हवं आमचा चा?" लेकी गेलं, बाई आलं. तूचं तुमी झालं. सुनेनं घाईनं घडी घातलेली वाकळ काढून माझ्यासाठी अंथरली, तोवर मी जमिनीवरच बसले होते. बायका एकेक करून उठल्या. टँकरची गोष्ट अर्धीच राहिली.

मी चहा प्याले. मुद्दाम बशीत ओतून, आवाज करत प्याले. "छान झालाय," म्हणाले. म्हातारी हसली, पाहुण्याशी हसावं तशी. निघताना तिनं पदराच्या गाठीतून पाच रुपयांची नोट काढून माझ्या हातावर ठेवली, "पयल्यांदा घरी आलायसा, रिकामं कसं धाडू." मला ती घ्यावी लागली. खरं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हा प्रश्न मी पुढं बरीच वर्षं मनात घोळवत राहिले. आजही माझ्याकडं त्याचं एकच उत्तर नाही.

संध्याकाळी काकींनी पान वाढता वाढता विचारलं, "तिकडं काय घेतलं न्हाईस न्हवं?"

"चहा घेतला काकी. पाणीपण प्याले."

"घेतलास व्हय," म्हणाल्या. "बरं." आणि भाकरी वाढली, नेहमीसारखंच तूप लावून. फक्त रांजणातलं पाणी मी रोज माझं मी घ्यायची, त्या रात्री त्यांनी तांब्या भरून माझ्याजवळ आणून ठेवला. आजारातून उठलेय म्हणून असेल. सुनेनं वस्तीत ठेवलेला तांब्या आणि हा तांब्या, दोन्ही भरून, पुसून, प्रेमानंच ठेवलेले होते.

तिथून जीप मसूरवरून कराडकडं उतरली. मसूर स्टेशन माझ्यासाठी तेव्हा एक फाटा होता, बस. पुढं बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं तेव्हा ते गाव पुन्हा समोर आलं. आंबेडकरांचं कुटुंब तेव्हा साताऱ्यात होतं. तिथल्याच सरकारी शाळेत १९०० च्या नोव्हेंबरात छोट्या भिवाचं नाव दाखल झालं होतं. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूरला उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. घ्यायला कुणी आलं नव्हतं, पत्रच पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करत होता, पोरांची जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार, या अटीवर. शिदोरीत खायला भरपूर होतं. पाणी मात्र नव्हतं, आणि कोरड्या घशानं खाता येत नाही. मध्यरात्री नाक्यावर त्यांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. ती पोरं भरल्या शिदोरीजवळ उपाशी झोपली.

परदेशी लोकांना अस्पृश्यता कशी असते ते कळावं म्हणून त्यांनी ती आठवण लिहिली. मला ती वाचताना परकं काहीच वाटलं नाही. तो रस्ता मी जीपनं गेले होते. त्या मुलांना पाण्यासाठी खोटं बोलावं लागलं. मी त्याच तालुक्यात नुसतं आडनाव सांगून दोन्ही घरांत पोटभर प्याले होते.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुका म्हणजे वेगळंच जग. कृष्णेचं पाणी, ऊस, कारखान्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात वावरलं, आणि अण्णा भाऊ साठे १९२० साली याच तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मले. मला वाटलं होतं, इथं निराळं असेल.

इथं माझ्याकडं मुलांची वजनं घेण्याचं काम होतं. सॉल्टरचा काटा तुळईला टांगायचा, त्याला कापडी झोळी अडकवायची, झोळीच्या दोन भोकांतून पोराचे पाय बाहेर काढायचे, आणि रडणं थांबून काटा स्थिर झाला की आकडा वाचायचा. सकाळी मातंग वस्तीत अकरा मुलं झाली. तिथल्या एका बाईनं पोराला झोळीत घालण्याआधी त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, धुतलेलं झबलं चढवलं. वजनाला झबलं काढायला लागतं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. निघताना त्यांनी गुळाचा खडा आणि भाजलेल्या शेंगा ओच्यात घातल्या. दुपारी गावात आले, एका मोठ्या घराच्या सोप्यात काटा टांगला. चांगल्या घरची, शिकलेली, गोड बोलणारी सून तिच्या मुलीला घेऊन आली. लिंबाचं सरबत आधीच दिलं होतं. झोळीकडं बघून तिनं हळू विचारलं, "ताई, सकाळी तिकडं जाऊन आलायसा न्हवं? त्यांची पोरं ह्यातच बसीवलीती का?"

मी हो म्हटलं. तिनं मुलीला छातीशी धरलं आणि "उद्या बघू, झोपंला आलीया," म्हणून आत गेली. त्या गल्लीत मला त्या दिवशी एकही मूल मिळालं नाही.

काम अडलं होतं. रोजचा आकडा भरायचा होता. दुसऱ्या दिवशीपासून मी गावातली मुलं सकाळी घेतली आणि वस्तीतली दुपारी. मग कुणी काही विचारलं नाही. आकडे वेळेत भरले, सरांनी पाठ थोपटली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नकाशातली ती कोरी पट्टी मी माझ्या वेळापत्रकात आखून घेतली होती, आणि ती मला कुणी आखायला सांगितली नव्हती.

२०२३ च्या मार्चमध्ये दुसऱ्या कामानिमित्त वडूजला जाणं झालं, तेव्हा वाकडी वाट करून त्या गावात गेले. काका नाहीत आता. काकी आहेत, वाकल्यात, पण पाहिल्या पाहिल्या ओळखलं आणि गालावरून हात फिरवून रडल्या. घर स्लॅबचं झालंय. कर्मवीरांचा फोटो नव्या भिंतीवरही आहे, हार ताजा होता. चहा आला तो कागदी कपांतून. मला कागदी, मुलाला कागदी, कामाला आलेल्या दोघांना कागदी. आता कुणाचाच कप वेगळा ठेवावा लागत नाही. गोठ्यातला कोनाडा तसाच आहे, त्यात जनावरांच्या औषधाची बाटली आणि मोबाईलचा चार्जर होता. कामाला आलेले दोघं कप घेऊन पायरीवरच बसले. मी काकींना काही विचारलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता.

ओढ्यावर आता पूल आहे. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, त्याप्रमाणे पलीकडं नवी पाटी आहे, 'समतानगर'. पाटी पुलाच्या पलीकडच्या टोकाला आहे. एकशे त्रेचाळीस नंबरच्या जागी दोन खोल्यांचं पक्कं घर. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. सून कुठंतरी लग्नाला गेली होती. दारात आली ती नात, पाळण्यात होती ती. आता कराडला एका दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीवर आली होती. मी पाहणीचं, साल, आडनाव सांगितलं तशी तिनं डोळे मोठे केले.

"त्या जाधव बाई? ऊन लागलेल्या? आजी किती सांगायची तुमचं! तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या म्हणून. आपल्यातल्याच होत्या, म्हणायची."

मी खुर्चीवर नीट बसले. "नाही गं," म्हटलं. "मी तेव्हाच सांगितलं होतं आजींना. मी..."

"माहितेय," ती म्हणाली. "आजीलाबी माहीत होतं." आणि चहा ठेवायला आत गेली.